मामाचा डीएक्स७ : बॅटरी बदलायच्या आधी आतले टोन बाहेर कसे काढू?

चाळीतली_सिंथवाली

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझ्या मामाकडे यामाहाचा डीएक्स७ सिंथ कीबोर्ड आहे, पहिला वाला, चॉकलेटी रंगाचा, वर चपटी हिरवट बटणं. १९८६ साली ओळखीतल्या एकाने दुबईहून आणून दिलेला. मामा वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवायचा, लालबाग-परळच्या मंडळांपासून ते कोकणातल्या जत्रांपर्यंत सगळीकडे, आणि दिवसा मिलमध्ये ड्युटी. आता ७४ वर्षांचा आहे, बोटं आखडतात, कीबोर्ड गेली कित्येक वर्षं माळ्यावर चादरीत गुंडाळून होता. मागच्या महिन्यात खाली काढला, पुसला, लावला आणि चक्क चालू झाला.

आत ३२ टोन, म्हणजे साठवलेले आवाज, आहेत आणि ते सगळे त्याने स्वतः बनवलेत. स्क्रीनवर नावं दिसतात, दहा अक्षरांत कशीतरी कोंबलेली, सनई २, भजन पेटी, बासरी लो, आणि एकाला तर सरळ मामीचं नाव दिलंय. मामी २०११ मध्ये गेली. तो टोन वाजवला तेव्हा मामा काहीच बोलला नाही, नुसता बसून ऐकत होता.

आता प्रॉब्लेम असा की चालू केल्या केल्या बॅटरी बदला असं दाखवतो. एका मेकॅनिकला दाखवला तर तो म्हणाला दहा मिनिटांचं काम आहे, सेल बदलतो आणि १६ आणि ३२ नंबरचं बटण एकत्र दाबून आतला छुपा मेनू उघडून रीसेट मारून देतो, एकदम नवा होईल. मला ते रीसेट ऐकूनच धडकी भरली, मी कीबोर्ड उचलून घरी आणला.

मग थोडं वाचून लॅमिंग्टन रोडवरून एक स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल (कीबोर्ड लॅपटॉपला जोडायची) आणली आणि लॅपटॉपवर डंप घ्यायचा, म्हणजे टोन फाइल म्हणून उतरवायचा, प्रयत्न केला. फाइल तयार होते पण दर वेळी साइज वेगळी येते, एकदा २१३० बाइट, एकदा ३३८०, एकदा तर काहीच नाही. म्हणजे नक्की काय चुकतंय? आणि तो छुपा मेनू म्हणजे नेमका काय प्रकार आहे, त्याला हात लावावा की नाही? मला फक्त मामाचे टोन जसेच्या तसे वाचवायचेत, बाकी काही नाही झालं तरी चालेल.

सिंथवेडा_ठाणे

ताई, सगळ्यात आधी, कीबोर्ड उचलून घरी आणलात हे फार म्हणजे फारच चांगलं केलंत. डीएक्स७ मध्ये रीसेट नावाचा प्रकारच नाहीये. त्याच्या पोटात कंपनीचे टोन कायमचे भरलेले नसतात, ते वेगळ्या रॉम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कीबोर्डात खोचायच्या डबीत, यायचे. आत जे ३२ आहेत ते नुसत्या एका बटन सेलच्या जिवावर टिकून आहेत, सेल काढला की खलास, नंतर स्क्रीनवर कचरा दिसतो आणि ते परत आणायला कुठलंही बटण नाही.

१६ आणि ३२ वाला मेनू खरा आहे. फंक्शन मोडमध्ये ती दोन बटणं धरून यस दाबलं की टेस्ट मोड येतो, तिथे आतल्या प्रोग्रामचं व्हर्जन दिसतं आणि मग स्क्रीन, बटणं, मेमरी वगैरे एकेक तपासता येतं. कारखान्यातल्या आणि रिपेअरवाल्या माणसांसाठी केलेला आहे तो. टोन बाहेर काढून सुरक्षित होईपर्यंत तिकडे फिरकायचंच नाही, मेमरी तपासणाऱ्या गोष्टींशी उगाच खेळ नको.

आधी सेलची तब्येत बघा. फंक्शन दाबा, मग १४ नंबर, बॅटरीचं व्होल्टेज दिसेल. तीनच्या आसपास असेल तर निवांत, अडीचच्याही खाली गेलं असेल तर आजचं काम उद्यावर टाकू नका.

आता डंप. मिडी केबल कीबोर्डच्या आउटमधून लॅपटॉपकडे. स्वस्त केबलवर जिथे इन लिहिलेलं असतं तो प्लग कीबोर्डच्या आउटला जातो, इथे निम्मे लोक गंडतात, पण तुमच्याकडे काहीतरी बाइट येतायत म्हणजे ते बरोबर आहे. विंडोजवर मिडी-ऑक्स घ्या, मॅक असेल तर सिसेक्स लायब्रेरियन, दोन्ही फुकट. सिसेक्स म्हणजे मिडीवरून जाणारा कीबोर्डचा आतला डेटा. मिडी-ऑक्समध्ये सिसेक्सची खिडकी उघडून रिसीव्ह मॅन्युअल डंप आधी चालू करायचं, म्हणजे लॅपटॉप कान देऊन बसेल. मग कीबोर्डवर फंक्शन, मग ८, चॅनल दिसेल. परत ८, तिथे सिस इन्फो अनअव्हेल असं असेल, यस दाबून अव्हेल करा. परत ८, मिडी ट्रान्समिट विचारेल, यस. झालं. सव्वा-दीड सेकंदात सगळं जातं, मिडीचा वेग ३१,२५० बिट पर सेकंद आहे, एका बाइटला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ३१२५ बाइट, त्यामुळे पाच-दहा सेकंद काही झालं नाही तर समजायचं गडबड आहे.

फाइल बरोबर आली की नाही हे ओळखायचा एकच आकडा लक्षात ठेवा : ४१०४. एका टोनला १२८ बाइट, ३२ टोनचे ४०९६, वर पुढचे-मागचे मिळून ८. एक बाइट जरी कमी असला तरी ती फाइल फेकून द्या.

मिडी_मास्तर

वरच्यांनी सगळं नीट सांगितलंय. साइजच्या गोंधळाला कारण तुमची केबल आहे, त्यात शंकाच नको. त्या स्वस्त केबल नोटा वाजवायला ठीक असतात, एक नोट म्हणजे तीन बाइट, आरामात जातात. सिसेक्समध्ये चार हजार बाइट न थांबता सलग येतात आणि त्या केबलमधल्या चिपची साठवायची जागा इतकी छोटी असते की मधले बाइट गळतात. कीबोर्डला याचा पत्ताच नसतो, तो आपला पाठवून मोकळा होतो, डीएक्स७ समोरच्याला मिळालं का असं विचारत नाही.

कोणाकडून तरी नीट इंटरफेस एक दिवसासाठी मागून आणा. माझ्याकडे रोलँडचा यूएम-वन आहे, त्यातून हजारवेळा डंप घेतलेत, कधी बाइट गळला नाही. ऑडिओ इंटरफेसच्या मागे मिडीची गोल भोकं असतील तर तेही उत्तम चालतं. ओळखीत कोणी घरी रेकॉर्डिंग करणारा असेल तर त्याच्याकडे नक्की असणार.

आणि आता जे सांगतोय ते कृपया लक्ष देऊन वाचा कारण हे कोणीच सांगत नाही आणि नंतर माणूस रडतो. त्या ४१०४ बाइटमध्ये मामांचे टोन येतील, पण मामांचा हात येणार नाही. पहिल्या डीएक्स७ मध्ये पिच बेंड (व्हीलने सूर वर-खाली ओढणं) किती जाणार, मोनो की पॉली (एका वेळी एक सूर की अनेक), पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) किती, मॉड व्हीलने काय हलणार, पॅडल आणि आफ्टरटचने (की दाबून धरल्यावर आणखी दाबणं) काय होणार, हे सगळं फंक्शनमध्ये असतं आणि ते टोनबरोबर सेव्ह होत नाही, ३२ टोनना मिळून एकच सेटिंग. डंपमध्ये ते जात नाही. सेल काढला की तेही जाणार.

आता विचार करा, सनईचा टोन आहे, त्यात मींड घ्यायला त्यांनी मोनो करून पोर्टामेंटो लावला असेल, बेंड चारवर ठेवला असेल. तुम्ही नवीन सेल टाकून टोन परत भरलात आणि बेंड दोनवर राहिला तर मामा व्हील ओढतील आणि सूर मध्येच अडकेल, आणि ते म्हणतील हा माझा टोनच नाही. टोन तोच असेल पण.

म्हणून वही घ्या. फंक्शन मोडमध्ये १ पासून सुरू करा. २ मोनो-पॉली, ३ बेंडची रेंज, ४ बेंडची स्टेप, ५ पोर्टामेंटोचा मोड, ६ ग्लिसांडो, ७ पोर्टामेंटो टाइम, मग १७ ते २० मॉड व्हील, २१ ते २४ फूट कंट्रोल, २५ ते २८ ब्रेथ, २९ ते ३२ आफ्टरटच. प्रत्येक ठिकाणी नुसतं बघायचं आणि लिहायचं, यस-नो आणि स्लायडरला हात नाही. स्क्रीनचे फोटो काढले तर आणखी बरं. १ नंबर म्हणजे मास्टर ट्यून, त्यासाठी फोनवर ट्यूनर लावून मधला ए किती हर्ट्झ येतोय ते लिहा. ऑर्केस्ट्रावाले पेटीच्या किंवा सनईच्या पट्टीला मिळवून ठेवायचे, त्यामुळे तो ४४० असेलच असं धरून चालू नका. आणि ९, १०, ११ या बटणांना अजिबात हात नको, १० ला व्हॉइस इनिट आहे आणि ११ ला कार्ट्रिज फॉरमॅट.

डोंबिवली_कीज

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. माझ्यावर गुदरलेलं सांगतो, म्हणजे ताईंना कळेल की कीबोर्ड उचलून आणला हे किती शहाणपणाचं होतं.

माझा कॉर्गचा एम१ होता, १९८८ वालं मॉडेल, मी सेकंडहँड घेतलेला. गणपतीच्या चार दिवस आधी एक की वाजेना म्हणून रिपेअरला टाकला. की दुरुस्त झाली आणि त्या माणसाने चांगल्या मनाने न विचारता सेलपण बदलून दिला, वर त्याचे पैसेही घेतले नाहीत. घरी आणून लावतो तर एकही प्रोग्राम नाही, एकही कॉम्बी (अनेक टोन एकत्र जुळवलेला) नाही. एम१ मध्ये पण तसंच, कंपनीचे टोन परत भरायचे तर कार्ड पाहिजे नाहीतर सिसेक्स. कंपनीचे टोन एका मित्राने रात्री पाठवले, ते भरले, पण माझे सहा वर्षांचे कॉम्बी, त्यात एका बोटात ढोलकीचा घुमा आणि वर स्ट्रिंग असा स्प्लिट केलेला, ते गेले ते गेलेच. त्या वर्षीचा पहिला प्रोग्राम मी नुसत्या पियानो आणि स्ट्रिंगवर काढला, समोरचे कलाकार सारखे वळून माझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून माझा नियम, कुठलाही कीबोर्ड घराबाहेर पडायच्या आधी डंप, आणि केसच्या आत झाकणाला मोठ्या अक्षरात कागद चिकटवलेला, "न विचारता सेल बदलू नये". नव्या कीबोर्डला पेन ड्राइव्ह लागतो तिथे दोन मिनिटांचं काम आहे तरी लोक करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भांडुपचा_पॅडवाला

मध्येच घुसतोय माफ करा. माझा ऑक्टापॅड एसपीडी-२० आहे, ९९ पॅच (साठवलेले सेट), निम्मे मी लेझीम आणि हलगीसाठी जुळवलेत. त्यालापण हीच भानगड लागू होते का?

मिडी_मास्तर

हो भाऊ, त्यातूनही मिडीवरून बल्क डंप निघतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये बल्क डंपचं पान आहे ते काढा. केबलबद्दल जे वर लिहिलं ते तुम्हालाही जसंच्या तसं लागू. आणि ट्रिगरची सेटिंग, म्हणजे कुठलं पॅड किती जोरात मारल्यावर किती वाजतं, तेही वहीत लिहा, पॅडवाल्याचा हात तिथेच असतो.

ज्युनोप्रेमी_दादर

डीएक्सवाल्यांचं निदान एका बटणात ३२ निघतात. माझा रोलँड ज्युनो-१०६ आहे, १९८४ चा, १२८ पॅच, त्यात सगळे एकदम पाठवायची सोयच नाही. मागे मिडीचा तीन पोझिशनचा स्विच आहे तो तिसऱ्यावर ठेवायचा, मग पॅच निवडला की त्याचा सिसेक्स बाहेर येतो, म्हणजे १२८ वेळा बटण दाबत बसायचं. मी त्यापेक्षा मागच्या टेप सेव्हमधून आवाज सरळ लॅपटॉपवर रेकॉर्ड केला, तो किरकिर-किरकिर आवाज असतो ना जुन्या कॅसेटसारखा, तो वेव्ह फाइल म्हणून ठेवला आणि परत भरूनही बघितला, व्यवस्थित आला. फक्त एमपीथ्री करू नका, दाबून लहान केलेल्या आवाजावर असल्या कामात भरवसा ठेवता येत नाही.

आणि छुप्या मेनूबद्दल सगळेच घाबरवतायत म्हणून सांगतो, ज्युनोत की ट्रान्सपोज धरून चालू केलं की टेस्ट मोड येतो आणि त्यात सहापैकी कुठला व्हॉइस (एका वेळी एक सूर वाजवणारा भाग) वाजतोय त्याचा नंबर दिसतो. माझी एक नोट मध्येच चिरकायची, त्याने पाच मिनिटांत कळलं की एकाच व्हॉइसची चिप गेलीये. त्यामुळे छुपा मेनू वाईट नाही, आधी बॅकअप आणि मग मेनू एवढंच.

चाळीतली_सिंथवाली

मंडळी, खूप खूप आभार, आणि अपडेट देते.

फंक्शन १४ वर २.४ दाखवत होता, ते बघून त्याच संध्याकाळी माहीमच्या एका मैत्रिणीकडून तिचा ऑडिओ इंटरफेस आणला, तिच्याकडे मागे मिडीचं भोक होतं. पाऊस असा की इंटरफेस दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून छातीशी धरून ट्रेनमध्ये उभी होते. घरी आले, लावलं, ८, ८, यस, ८, यस, आणि पहिल्याच फटक्यात ४१०४. परत घेतला, ४१०४. तिसऱ्यांदा घेतला, ४१०४, आणि तिन्ही फाइल एकमेकींशी तंतोतंत जुळल्या.

मग डेक्स्ड नावाचं फुकटचं प्लगइन सापडलं, लॅपटॉपवर डीएक्स७ सारखंच वाजतं आणि ही फाइल थेट उघडतं. उघडली तर ३२ च्या ३२ नावं समोर. मामीच्या नावाचा टोन लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजवला आणि मामा आतल्या खोलीतून म्हणाला, कीबोर्ड कशाला चालू केलास परत, सेल संपेल. म्हटलं मामा, कीबोर्ड बंद आहे.

वही पण भरली. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, मोनो, बेंड ५, पोर्टामेंटो टाइम २८, आणि ए ४४० नव्हताच, ४४३ च्या जवळ. मामाला विचारलं तर लगेच म्हणाला, आमच्या सनईवाल्याची पट्टी तेवढी वर होती, तो काय खाली येणार, मग मीच वर जायचो.

आता दोन प्रश्न राहिले. सेल कसा बदलायचा, आणि केसमध्ये एक कार्ट्रिज सापडलंय, वर मामाच्या अक्षरात "लग्न" लिहिलंय. त्यात काय आहे ते त्यालाही आठवत नाही.

सिंथवेडा_ठाणे

४४३ वाचून अंगावर काटा आला.

सेल साधा सीआर२०३२ आहे पण बोर्डावर सोल्डर केलेला असतो, त्याला पत्र्याचे पाय असतात. नवीन टाकताना पाय असलेला सेल घेऊ नका, लॅमिंग्टन रोडवर सीआर२०३२ चा होल्डर मिळतो तो बसवून घ्या म्हणजे पुढच्या वेळी कोणाला सोल्डरिंग करावं लागणार नाही. सेलवर थेट गरम सोल्डरिंग गन लावणारा माणूस दिसला तर तिथून निघा. काही जण सांगतात की कीबोर्ड चालू ठेवूनच सेल बदलायचा म्हणजे मेमरी जात नाही, ते अजिबात करू देऊ नका, आत मेन्सची लाइन येते आणि आता तुम्हाला त्याची गरजही नाही. प्लग काढून, नीट करून आणा. आणि मागच्या पट्टीवर व्होल्टेज एकदा वाचा, दुबईचा म्हणजे २२०-२४० असणार, पण जपानी १०० व्होल्टवाले पण इकडे फिरतात.

परत भरताना मेमरी प्रोटेक्ट इंटरनल दाबून नो, म्हणजे कुलूप उघडेल, सिस इन्फो परत अव्हेल करायला विसरू नका, मग लॅपटॉपवरून फाइल पाठवा. मिडी रिसीव्ह्ड दिसलं की झालं. मग वही उघडून फंक्शन एकेक भरा.

कार्ट्रिजबद्दल, ते रॅम कार्ट्रिज असेल, त्यात अजून ३२ टोन मावतात आणि त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा वेगळा सेल असतो, तोही तेवढाच जुना. म्हणजे तेही घाईचं काम आहे. आधी कार्ट्रिजवरचा प्रोटेक्टचा खटका लावून ठेवा म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. डंप फक्त आतल्या मेमरीचा जातो, म्हणून कार्ट्रिज आधी आत लोड करावं लागतं आणि त्याने आतले ३२ पुसले जातात. तुमचे आतले ३२ तीन-तीन वेळा बाहेर आलेत तेव्हा आता हरकत नाही, पण ती फाइल लॅपटॉपशिवाय दुसरीकडे कुठेतरी ठेवल्याशिवाय हे करू नका. सेव्ह आणि लोड यात गल्लत करू नका, लोड म्हणजे कार्ट्रिजमधून कीबोर्डमध्ये. स्क्रीनवर काय विचारतंय ते वाचूनच यस.

चाळीतली_सिंथवाली

फाइल स्वतःला ईमेल केली, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टाकली, एका पेन ड्राइव्हवर टाकून मामीच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली. मग खटका लावून कार्ट्रिज घातलं, लोड, यस.

जिवंत आहे! ३२ मधले ११ कंपनीचेच दिसतायत, बाकी मामाचे. सनई १ पण तिथेच आहे, म्हणून आत फक्त सनई २ होती. डंप घेतला, ४१०४. मामा शेजारी खुर्ची ओढून बसला होता, नावं वाचून दाखवत होते तसं एकेकाचं सांगत होता, हा मंगलाष्टकांनंतरचा, हा वरातीचा, हा जेवणाच्या पंगतीला हळू वाजवायचा. सगळं वहीत त्याच पानावर लिहून घेतलंय, नंबरासमोर. १९ वर येऊन थांबलोय, जेवायला हाक आली. उरलेले १३ उद्या.